हायब्रिड गाडीचा इंधनखर्च आणि ओबीडी गेज : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

आज गाडीला ओबीडी-२ गेज, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचून पडद्यावर दाखवणारे छोटे यंत्र, जोडले. गाडीत १.५ लिटरचे, इंधन वाचवणाऱ्या ॲटकिन्सन चक्रावर चालणारे पेट्रोल इंजिन, दोन विद्युत मोटरी आणि या तिघांची सांगड घालणारा ग्रहचक्री गिअर आहे. पुढच्या नोंदी समजायला एवढी माहिती पुरेशी आहे. डॅशबोर्डवर सरासरी मायलेज दिसतेच, परंतु तो एकच आकडा असतो आणि पेट्रोल नेमके कोणत्या मिनिटात, कशापायी खर्च झाले हे त्यातून कळत नाही. मला तेच पाहायचे आहे.

जोडणीची १६ पिनांची खोबण स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर होती. विजेरी घेऊन, पाठ टेकून आडवे झाल्याशिवाय ती दिसली नाही. अशी खोबण अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना सक्तीची आहे. मूळ हेतू धुरातील प्रदूषणावर नजर ठेवण्याचा होता, मायलेजचा नव्हता. तरीही त्या कामासाठी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जी माहिती बाहेर देतो, तिच्यातूनच इंधनाचा हिशेब काढता येतो. केबल पेडलपासून लांब राहील आणि एअरबॅगच्या झाकणावरून जाणार नाही अशा रीतीने तिला कडेच्या पट्टीखालून वर आणले आणि गेज स्टिअरिंगच्या मागे, नजर रस्त्यावरून फारशी न हलवता दिसेल अशा जागी चिकटवले. गाडी चालवताना काहीही लिहायचे नाही, थांबल्यावरच वही उघडायची, हा नियम पहिल्याच दिवशी घालून घेतला आहे.

५ ऑक्टोबर

पहिल्याच फेरीची नोंद वाया गेली. घरी परतल्यावर पाहिले तर गेजने १७ किलोमीटरच्या एका फेरीचे चार तुकडे केले होते. कारण शोधायला वेळ लागला नाही. इंधनाच्या प्रकारात मी ‘पेट्रोल’ निवडले होते, आणि साध्या पेट्रोल गाडीत आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) शून्यावर आले म्हणजे प्रवास संपला असे गेज धरून चालते. हायब्रिडचे इंजिन सिग्नलला, उतारावर, कधी चालत्या गाडीतही बंद होते. यादीत खाली ‘हायब्रिड’ हा वेगळा पर्याय होता. तो निवडल्यावर गेज आरपीएमऐवजी ईसीयूशी संपर्क चालू आहे की नाही हे पाहू लागले.

दुसरा बदल एककाचा केला. इंजिन बंद आणि गाडी धावती असताना खर्च शून्य असतो, त्यामुळे किलोमीटर प्रतिलिटर हा भागाकार अर्थहीन होतो आणि पडद्यावर ९९९९ उभे राहते. डोळ्यांना तो आकडा सुखावतो आणि हिशेबाला काही उपयोगाचा नसतो. म्हणून क्षणोक्षणीच्या वाचनासाठी लिटर प्रतितास आणि फेरीच्या शेवटी एकूण लिटर व एकूण किलोमीटर, एवढेच ठेवले. मायलेजच्या आकड्यांची सरळ सरासरी काढायची नाही हेही इथे लिहून ठेवतो. निम्मे अंतर ३० ने आणि निम्मे १५ ने कापले तर सरासरी २२.५ येत नाही, २० येते. कारण १५ च्या टप्प्याने दुप्पट पेट्रोल प्यायलेले असते.

१९ ऑक्टोबर

पहिली टाकी संपवून पुन्हा भरली. गेजच्या मते ३१.६ लिटर खर्च झाले होते आणि पंपावर ३४.१ लिटर मावले. पंप तोच, उभे राहण्याची जागा तीच, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडल्यावर पुढे एक थेंबही घातला नाही, तरीही ७.९ टक्क्यांचा फरक आला.

हा फरक समजून घ्यायचा तर गेज इंधन कसे ‘मोजते’ हे आधी समजले पाहिजे. खरे म्हणजे ते इंधन मोजतच नाही, हवा वाचते. एअर फिल्टरच्या पुढे असलेला मास एअरफ्लो सेन्सर दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते ईसीयूला सांगतो. गेज तो आकडा उचलते, पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते असे धरून त्यावरून पेट्रोलचे वजन काढते आणि घनतेने भागून लिटर दाखवते. लिटरमागे सुमारे ७४५ ग्रॅम धरले तर सेकंदाला १० ग्रॅम हवा म्हणजे तासाला साधारण ३.३ लिटर पेट्रोल. या साखळीत एक प्रत्यक्ष मापन आणि दोन गृहीतके आहेत, आणि तिन्ही ठिकाणी चूक शिरू शकते. थंड इंजिनाला मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, लागते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर १४.७ हे प्रमाणही खाली येते, कारण शुद्ध इथेनॉलला नऊपटच हवा पुरते.

गेजमध्ये टाकी भरल्यावर पंपावरचे लिटर घालण्याची सोय आहे. त्यावरून ते स्वतःचा गुणक सुधारते. ७.९ टक्के वाढ मान्य केली, पण एका टाकीवर माझा पूर्ण विश्वास नाही, कारण नोझल एक लिटर अलीकडेपलीकडे बंद पडले तरी तीन टक्क्यांची चूक होते.

२ नोव्हेंबर

दुसऱ्या टाकीत गेज ०.४ लिटर कमी निघाले, म्हणजे चूक सव्वा टक्क्याच्या आत आली. गुणक तसाच ठेवला.

अंतराचाही हिशेब तपासायला हवा होता, कारण मायलेजच्या भागाकारात वर किलोमीटर असतात आणि सगळे लक्ष मात्र खालच्या लिटरकडे जाते. मोकळ्या सरळ रस्त्यावर जीपीएसने ५० किलोमीटर मोजले तेव्हा गेजने ४९.३ दाखवले. ईसीयू वेग पूर्ण किलोमीटरमध्येच देतो, गेज तो सेकंदाला एक-दोन वेळा वाचून बेरीज करत जाते, आणि शिवाय टायर झिजला की त्याचा घेर घटतो. एवढ्या गोष्टी पाहता दीड टक्क्याच्या आतली तफावत ठीकच म्हणायची. वेगाला १.४ टक्क्यांची दुरुस्ती दिली.

आता दोन्ही बाजू पक्क्या झाल्यावर डॅशबोर्डशी तुलना केली. डॅशबोर्ड २२.६ सांगतो आणि टाकीचा हिशेब २१.५ सांगतो.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण या प्रकल्पात आतापर्यंत हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

सकाळी रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली आणि जागेवरच बसून पडदा पाहत राहिलो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) १७ अंश. सात-आठ सेकंद काहीच झाले नाही, मग इंजिन आपणहून सुरू झाले आणि १२८० आरपीएमवर स्थिर झाले. हवा सेकंदाला ४.५ ग्रॅम, खर्च तासाला दीड लिटर. गाडी एक इंचही हललेली नाही, आवाज नेहमीसारखा मंद, आणि तरीही दोन मिनिटांत ५० मिलिलिटर पेट्रोल गेले, म्हणजे माझ्या सरासरीने एक किलोमीटरहून अधिक अंतर. इंजिन गरम झाल्यावर उभ्या गाडीत ते चालू राहिले तर हाच खर्च तासाला ०.६ ते ०.७ लिटर असतो.

हे पेट्रोल वाया जाते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटलिटिक कन्व्हर्टर साधारण ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय आपले काम धड करत नाही, म्हणून ईसीयू ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून जास्तीत जास्त उष्णता धुराबरोबर बाहेर सोडतो. त्या मिनिटांत इंजिन गाडी ओढण्यासाठी चालत नसते, स्वतःची धुराची नळी तापवत असते. त्यानंतर कूलंट वर चढेपर्यंत, माझ्या गाडीत सुमारे ७० अंश होईपर्यंत, सिग्नलला इंजिन बंद होण्याचा हायब्रिडचा मुख्य लाभ पूर्णपणे मिळत नाही.

म्हणून फेरीचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडून पाहिले. पहिल्या पाच मिनिटांत २.१ किलोमीटर आणि ०.१९ लिटर, म्हणजे ११ चे मायलेज. पुढच्या पाच मिनिटांत ३.४ किलोमीटर आणि ०.१५ लिटर, म्हणजे साडेबावीसच्या वर. रस्ता एकाच प्रकारचा, चालक तोच, फरक फक्त तापमानाचा. गेजच्या चार खिडक्यांपैकी डावीकडची वरची खिडकी आजपासून कूलंटच्या तापमानाला दिली. मायलेजचा आकडा तिथून हलवला.

७ डिसेंबर

छोट्या फेऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. सहा किलोमीटरचा एकच रस्ता एके दिवशी २७ देतो आणि दुसऱ्या दिवशी १९. यामागे हायब्रिड बॅटरी आहे हे उघड होते, पण तिची चार्ज पातळी गेजच्या ठरावीक यादीत नव्हती. उत्पादकाच्या खास आज्ञा हाताने भरण्याची सोय गेजमध्ये आहे. कोणत्या संगणकाला विचारायचे, काय विचारायचे, उत्तरातला कोणता भाग उचलायचा आणि त्याला कोणते गणित लावायचे, असे चार संकेत भरावे लागतात. एक अक्षर चुकले तर पडद्यावर नुसती रेघ येते. तिसऱ्या प्रयत्नात रेघेच्या जागी ५८ उमटले आणि डॅशबोर्डवरच्या चित्रातल्या पट्ट्यांशी ते जुळले.

आता हिशेब असा मांडतो. माझ्या गाडीची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी सुमारे १.३ किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजमीटरच्या भाषेत १.३ युनिटची आहे, आणि गाडी तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवते. पातळी १० टक्क्यांनी बदलली तर ०.१३ युनिट. एका लिटर पेट्रोलपासून इंजिन आणि जनरेटर मिळून सुमारे २.८ युनिट वीज बनते असे मी धरतो. त्या मापाने १० टक्के म्हणजे ४६ मिलिलिटर पेट्रोल. टाकीभर प्रवासात हा आकडा नगण्य आहे, पण सहा किलोमीटरच्या फेरीत जेमतेम पाव लिटर खर्च होते, तेव्हा त्यातले ४६ मिलिलिटर उधार की जमा हे न पाहता मायलेज सांगणे म्हणजे महिन्याचा खर्च सांगताना उधारीची वही लपवणे होय. यापुढे प्रत्येक फेरीच्या आरंभी आणि शेवटी चार्जची पातळी लिहायची आणि दुरुस्त केलेला आकडाच मान्य करायचा.

१४ डिसेंबर

बॅटरीचा आकडा मिळाल्यावर माझ्या एका जुन्या समजुतीची परीक्षा घेतली. ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका ठेवून गाडी शक्य तितकी मोटरवर चालवायची, इंजिन लागूच द्यायचे नाही, यात बचत आहे असे मी इतकी वर्षे मानत आलो. इंजिन गरम असताना त्याच १२ किलोमीटरच्या रस्त्यावर दोन फेऱ्या केल्या.

पहिल्या फेरीत पाय हलका ठेवला. गेजवर २१.४ आले, चार्ज ५८ वरून ४९ वर उतरला, आणि ही उधारी मिळवल्यावर खरे मायलेज १९.९ निघाले. दुसऱ्या फेरीत वेग घ्यायचा तेव्हा मोकळेपणाने घेतला, इंजिनवरचा भार ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास राहील इतका ॲक्सिलरेटर दिला, आणि हवा तो वेग आला की पाय उचलून, मग अगदी किंचित दाबून, गाडी ना मोटरच्या जोरावर ना ब्रेकिंगमध्ये, अशी सुटी वाहू दिली. २३.० आले आणि चार्ज ५७ चा ५८ झाला.

याचे कारण असे की या बॅटरीतली प्रत्येक वीज शेवटी पेट्रोलचीच आहे. ब्रेक लावताना परत मिळते तीही आधी इंजिनाने दिलेल्या वेगाचीच असते. पेट्रोलपासून वीज, विजेपासून रसायन, पुन्हा वीज, पुन्हा गती, या प्रत्येक वळणावर थोडी गळती होते. उलट इंजिन कमी भारावर रेंगाळते तेव्हा घर्षणाचा खर्च तेवढाच राहून काम मात्र थोडे होते, आणि मध्यम आरपीएमवर भरीव भार दिला की तेच इंजिन दर थेंबामागे अधिक काम करते. मोटरवर चालणे जिथे आपोआप घडते, म्हणजे रांगेत सरकताना किंवा गाडी लावताना, तिथे ते योग्यच आहे. ओढूनताणून ते लांबवणे तोट्याचे ठरले. दोन फेऱ्या म्हणजे फार मोठा पुरावा नाही, म्हणून (ही भर नंतरची) पुढच्या आठवड्यात हाच रस्ता आणखी तीनदा केला. दुसऱ्या पद्धतीचा आकडा प्रत्येक वेळी वर राहिला.

२८ डिसेंबर

थंडी वाढली आहे. काचेवरचे दव घालवण्यासाठी हीटर लावला तेव्हा उभ्या गाडीत पाच मिनिटांत कूलंट ६८ वरून ६१ वर आले आणि केवळ उष्णता पुरवण्यासाठी इंजिन सुरू झाले. हीटर फुकट असतो हे साध्या गाडीबद्दल खरे आहे, हायब्रिडबद्दल नाही.

बोनेटच्या पुढच्या जाळीतून येणारा थंड वारा कमी करण्यासाठी, पाण्याच्या पाइपवर चढवतात ती फोमची नळी उभी चिरून तिचे तुकडे जाळीच्या आडव्या पट्ट्यांवर बसवले. इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरींजोगी करणाऱ्या भागाला) वेगळा कूलंट असतो आणि त्याच्या रेडिएटरसमोरची फट मात्र पूर्ण मोकळी ठेवली. ७० अंशांपर्यंत पोहोचायला नऊ मिनिटे लागत होती, ती सातवर आली. लांबच्या वाटेवर कूलंटची कमाल ८८ ची ९१ झाली, इन्व्हर्टर ४१ चा ४४. दोन्ही आकडे पडद्यावर सतत दिसत नसते तर हा प्रयोग मी केला नसता, आणि ज्यांच्याकडे ते दिसण्याची सोय नाही त्यांनी तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

११ जानेवारी

आज वेगळीच गोष्ट ध्यानात आली. इंजिनाचे इतर आकडे चाळताना दीर्घकालीन फ्यूएल ट्रिम सतत अधिक ७.५ टक्क्यांच्या आसपास दिसला. ट्रिम म्हणजे ईसीयूची स्वतःची दुरुस्ती. हवेच्या आकड्यावरून तो पेट्रोल फवारतो, मग धुरातला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ झाले की गडद हे कळवतो, आणि त्यानुसार पेट्रोल किती टक्के वाढवायचे किंवा घटवायचे हे तो लक्षात ठेवतो. अधिक ७.५ याचा अर्थ हवेचा सेन्सर सांगतो त्यापेक्षा प्रत्यक्षात पेट्रोल तेवढे जास्त लागत आहे.

आणि ऑक्टोबरमध्ये मी गेजला दिलेली दुरुस्ती ७.९ टक्के होती. दोन्ही आकडे शेजारी लिहिले तेव्हा उलगडा झाला. गेज हवेवरून पेट्रोल काढते पण ट्रिम विचारात घेत नाही. मी ज्याला गेजची चूक समजून गुणकात झाकून टाकले, ती बहुतांशी गाडीच्या सेन्सरची तक्रार होती.

हवेचा सेन्सर दोन स्क्रूंवर बसवलेला आहे. बाहेर काढल्यावर आतल्या केसासारख्या तारेवर करड्या धुळीचा बारीक थर दिसला. खास त्याच कामासाठी मिळणारा स्प्रे मारला, तारेला बोट किंवा कापूस लावला नाही, पूर्ण वाळेपर्यंत थांबलो आणि परत बसवला. एअर फिल्टरही बदलला, कारण त्याच्या एका कडेची रबरी पट्टी दुमडलेली होती आणि धूळ तिथूनच जात असावी.

२५ जानेवारी

ट्रिम आठवडाभरात हळूहळू उतरून अधिक २.५ वर थांबला. आज टाकी भरली : गेज म्हणते ३५.४ लिटर, पंप म्हणतो ३३.७. जुना ७.९ चा गुणक काढून टाकला तर गेजचा मूळ आकडा ३२.८ येतो, म्हणजे आता फक्त २.७ टक्क्यांची दुरुस्ती पुरते. ट्रिम २.५ आणि दुरुस्ती २.७ ही जोडी पुन्हा जुळली, याचे फार समाधान वाटले.

टाकीच्या हिशेबाने मायलेज मात्र वाढलेले नाही, आणि ते वाढायला नकोच होते, कारण ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने ईसीयू आधीही योग्य तेवढेच पेट्रोल देत होता. बदलला तो गेजचा खरेपणा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या नोंदी रद्द करण्याची गरज नाही. तेव्हाचा गुणक तेव्हाच्या मळलेल्या सेन्सरला लागू होता आणि ट्रिम त्या काळात स्थिर होता. यापुढे टाकी भरताना लिटरच्या शेजारी ट्रिमही लिहायचा.

१५ फेब्रुवारी

नोव्हेंबरच्या नोंदीचा उपयोग करून तीन कामे एकाच फेरीत उरकली. वेगवेगळ्या वेळी, दर वेळी थंड इंजिनाने केली तेव्हा १९ किलोमीटर आणि १.१७ लिटर झाले होते. सलग केली तेव्हा १४ किलोमीटर आणि ०.६१ लिटर. सर्वांत दूरचे काम आधी घेतले, म्हणजे इंजिन पुरते तापते आणि पुढच्या थांब्यांत फारसे निवत नाही. चालवण्याच्या कौशल्याने आजवर जे मिळाले, ते याच्या जवळपासही जात नाही.

टायरमधील हवा तपासली. तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की दाब एक पीएसआयने घटतो, आणि हिवाळा संपेपर्यंत चारही टायर चार पीएसआयने खाली आले होते. गाडी थंड असताना दारावरच्या पट्टीत दिलेल्या दाबापर्यंत भरले.

१५ मार्च

दोन आठवडे गाडी उभी राहणार आहे, म्हणून गेज शांत असताना किती वीज घेते ते मल्टिमीटरने मोजले. पडदा विझल्यावरही ४० मिलिअँपिअर जात होते, कारण खोबणीच्या सोळाव्या पिनेला चावी काढल्यावरही १२ व्होल्टचा पुरवठा चालूच असतो. दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. इंजिन फिरवण्याचे काम हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीकडे असल्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी लहान दिलेली असते; ती उतरली तर गाडीचे संगणकच जागे होत नाहीत. गेज काढून ठेवले. केबल काढल्यावर गुणक पुसला जातो का हे पाहण्यासाठी तासाभराने परत जोडले, तेव्हा २.७ तसाच होता.

कूलंट काल दुपारी ९४ पर्यंत चढले होते. जाळीवरचे फोमचे तुकडे उतरवले, त्यांच्यावर खडूने डावे-उजवे लिहिले आणि डिकीत ठेवले.